बोटुकल्यांची मोजदाद

अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणात एक काचेची खिडकी आहे. समुद्रातून परतलेले सॅल्मन मासे धरणाशेजारच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाटातून वर चढतात, तेव्हा ते या काचेसमोरून जातात आणि आत बसलेला माणूस जात ओळखून एकेक मासा मोजतो. १९३८ साली धरण सुरू झालं, तेव्हापासून ही गणती चालू आहे.

इतक्या वर्षांची नोंद हाताशी असूनही तिच्यात एक मोठी उणीव राहते. यंदा मासे कमी आले, एवढंच ती सांगते. बाकीचे कुठे गेले, ते सांगत नाही. अंडीच कमी घातली गेली, की पिल्लं डोंगरातल्या ओढ्यांत थंडीत मेली? धरणांपाशी मेली, पक्ष्यांनी उचलली, की समुद्रात उपाशी राहिली? परतलेल्या माशाच्या आकड्यात चार-पाच वर्षांची सगळी वजाबाकी एकत्र झालेली असते. उपाय मात्र प्रत्येक कारणाला वेगळा लागतो. ओढ्याकाठी झाडं लावून समुद्रातली उपासमार थांबत नाही. म्हणून मासा परत येण्याआधी, तो लहानपणी समुद्राकडे निघतो तेव्हाच त्याला मोजावं लागतं.

आपल्याकडे बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात. रावस चवीला उत्तम, पण त्याचं या माशाशी काही नातं नाही. खरा सॅल्मन थंड पाण्यातला. तो गोड्या नदीत जन्मतो, खाऱ्या समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा बहुधा आपल्याच ओढ्यात येतो. पॅसिफिकमधला चिनूक सॅल्मन तर अंडी घालून झाली की मरतोच.

कोलंबियाचं खोरं सुमारे ६ लाख ७० हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. कॅनडात उगम, अमेरिकेच्या ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवरून वाहत पॅसिफिकला मुख. तिची सर्वांत मोठी उपनदी स्नेक. स्नेकच्या वरच्या अंगाला, आयडाहो राज्यातल्या डोंगरांत जन्मलेल्या पिल्लाला समुद्र गाठायचा तर आठ धरणं ओलांडावी लागतात. चार स्नेकवरची, चार कोलंबियावरची. रेडफिश लेक नावाच्या तळ्यात जन्मणाऱ्या सॉकआय जातीच्या सॅल्मनचा हा प्रवास सुमारे १,४५० किलोमीटरचा आहे आणि तळं समुद्रसपाटीपासून जवळपास २,००० मीटर उंचावर. १९९२ साली त्या तळ्यात परतलेला सॉकआय एकच होता. एक नर.

चिनूकची मादी एका वेळी चार-पाच हजार अंडी घालते. वसंतात परतणाऱ्या चिनूकची पिल्लं एक वर्ष ओढ्यात काढतात आणि पुढच्या वसंतात, बर्फ वितळून पाणी चढलं की निघतात. तोवर ती बोटभर झालेली असतात. आपले मत्स्यपालक या वयाच्या माशाला ‘बोटुकली’ म्हणतात, तोच शब्द इथे चपखल बसतो. निघण्याच्या सुमारास त्यांच्या अंगावरचे उभे काळे पट्टे पुसट होतात, चांदीसारखी झाक येते आणि कल्ल्यांमधल्या पेशी मीठ बाहेर टाकायला शिकतात. गंमत म्हणजे बरीच पिल्लं तोंड प्रवाहाकडे ठेवून, शेपूट पुढे करून खाली जातात. पाणी त्यांना वाहून नेतं, ती फक्त तोल सांभाळतात.

ही पिल्लं काचेसमोरून रांगेने जात नाहीत. रात्री, गढूळ पाण्यात, नदीच्या पूर्ण रुंदीत पसरून जातात. त्यांना मोजायचं कसं?

इम्नाहा ही स्नेकला मिळणारी एक नदी. तिथे नेझ पर्स जमातीचे कर्मचारी अनेक वर्षं हे काम करत आले आहेत. या जमातीने १८५५ साली अमेरिकी सरकारशी केलेल्या करारात आपला मासेमारीचा परंपरागत हक्क राखून ठेवला होता. मासाच उरला नाही तर हक्काला अर्थ उरत नाही, तेव्हा ही मोजणी त्यांच्यासाठी नुसतं विज्ञान नाही.

पाण्यात दोन तराफ्यांच्या मधोमध एक मोठा पत्र्याचा शंकू आडवा टांगलेला असतो. रुंद तोंड प्रवाहाकडे, आत मळसूत्रासारखे पाते. पाण्याच्या जोराने शंकू गरागरा फिरतो. त्यात शिरलेलं पिल्लू मळसूत्रातून मागे सरकत जातं आणि शेवटी जाळीच्या पेटीत पडतं. इंजिन नाही, वीज नाही. याला स्क्रू ट्रॅप, म्हणजे मळसूत्री पिंजरा, म्हणतात. सकाळी पेटीचं झाकण उघडलं की आधी पालापाचोळा आणि काटक्या उपसायच्या, मग हातजाळ्याने पिल्लं बादलीत घ्यायची.

पिल्लू भूल देणाऱ्या औषधाच्या पाण्यात सोडतात. ते हळूहळू कलंडतं. ओल्या हाताने उचलून खाचेच्या पट्टीवर ठेवायचं, नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी मिलीमीटरमध्ये वाचायची, वजन घ्यायचं. पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो, तो आहे का ते पाहायचं. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या बहुतेक पिल्लांचा हा पर आधीच कापलेला असतो, त्यामुळे तो शाबूत दिसला की पिल्लू जंगली असण्याची शक्यता जास्त. कोरडा हात लावायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर गेला तर बुरशी धरते. पाणी तापलं तर काम थांबवायचं. सगळं मिळून एका पिल्लाला मिनिटही लागत नाही. मग शुद्धीवर येईपर्यंत ताज्या पाण्याची बादली.

आता समजा, एका आठवड्यात पेटीत ६०० पिल्लं आली. नदीतून किती गेली? पिंजऱ्याने नदीचा एक कोपरा व्यापलेला, बाकीचं पाणी मोकळं. म्हणून यातल्या १०० पिल्लांना खूण करून नदीत बरंच वर नेऊन सोडतात. ती पुन्हा पिंजऱ्यापाशी येतात, तेव्हा त्यांतली ८ पुन्हा अडकली, असं धरू. म्हणजे पिंजरा शंभरातली आठ पकडतो. मग त्या ६०० म्हणजे एकूण संख्येचे ८ टक्के, आणि नदीतून गेली असतील सुमारे ७,५००. १८९० च्या दशकात डॅनिश मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन चपट्या माशांना खुणा करत होते. या हिशेबाला आजही त्यांचं नाव जोडलेलं आहे.

हा हिशेब दिसतो तितका भक्कम नाही. आठाऐवजी चारच पुन्हा सापडली असती, तर उत्तर १५,००० झालं असतं. चार पिल्लांच्या फरकाने आकडा दुप्पट! शिवाय पूर आला की पिंजऱ्याची पकड बदलते, म्हणून पाणी चढल्या-उतरल्यावर नव्याने खुणा करून नव्याने मोजावं लागतं. खूण केलेली पिल्लं दमून मेली किंवा काठाला दबा धरून बसली तरी हिशेब फसतो. म्हणून नुसता आकडा माझ्या लेखी अर्धाच. तो किती इकडेतिकडे असू शकतो, हे सांगणारी मर्यादाही त्याच्या जोडीला हवी. निसटलेल्यांचा अंदाज ज्याला आहे, त्याच्याच पकडलेल्यांच्या आकड्यावर मी विश्वास ठेवेन.

पिंजरा एका जागचं सांगतो. पुढच्या आठ धरणांचं काय? त्यासाठी पिट टॅग आला. काचेची १२ मिलीमीटर लांबीची कुपी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक चिप. बॅटरी नाही. वाचकयंत्राजवळून गेली की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ऊर्जा घेऊन आपला क्रमांक सांगते. कुत्र्या-मांजरांच्या मानेत घालतात तीच ही जात. सुईने पिल्लाच्या पोटात घालायची, की ती जन्मभराची सोबत. फार लहान पिल्लाला मात्र ती घालता येत नाही. या खोऱ्यात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे काम चालू आहे. टॅग केलेल्या माशांची संख्या कोटींत आहे आणि सगळ्या नोंदी एका सामायिक माहितीसाठ्यात जमा होतात.

धरणांच्या टर्बाइनांपुढे जाळ्या लावून पिल्लांना वरच्या पाटात वळवतात. तिथल्या नळ्यांना वाचकयंत्रं बसवलेली आहेत. पण टर्बाइनमधून किंवा सांडव्यावरून गेलेलं पिल्लू दिसतच नाही. इथला हिशेब मला फार सुंदर वाटतो. समजा १,००० पिल्लं सोडली, पहिल्या धरणावर २४० दिसली. त्याच्या खालच्या धरणावर २०० दिसली, आणि त्या २०० पैकी ६० वरच्या धरणावरही दिसली होती. म्हणजे वरचं धरण जिवंत पिल्लांपैकी ३० टक्केच टिपतं. मग २४० ला ३० टक्के धरून तिथवर जिवंत पोहोचली असतील ८००. वर न दिसलेलं पिल्लू खाली दिसलं की ते वर असताना जिवंत होतं, याची साक्ष आपोआप मिळते.

इथे एक पेच आला. पिल्लांना टर्बाइनपेक्षा सांडवा बरा, म्हणून बऱ्याच न्यायालयीन लढायांनंतर वसंतात सांडव्यावरून जास्त पाणी सोडायला लागले. पिल्लं तिकडून जाऊ लागली आणि नळ्यांमधली यंत्रं ओस पडली. पिल्लांचं भलं झालं, पण ते किती झालं हे मोजायचं साधनच दुबळं झालं. २०२० साली स्नेकवरच्या लोअर ग्रॅनाइट धरणाच्या सांडव्याच्या काँक्रीटमध्येच अँटेना बसवल्या. माथ्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात तांदळाएवढा टॅग वाचायचा, म्हणजे काय काम असेल!

मुखाजवळ नदीत वाळूची बेटं आहेत. तिथे कॅस्पियन सुरय आणि पाणकावळे अनेक वर्षं हजारोंनी घरटी करत. पक्षी पिल्लू गिळतो, मांस पचतं, काच पचत नाही. टॅग विष्ठेतून किंवा उलटीतून घरट्यापाशी पडतो. विणीचा हंगाम संपून पक्षी उडून गेले की संशोधक त्या वाळूवरून वाचकयंत्र फिरवतात आणि एकामागून एक क्रमांक उमटू लागतात. कुठल्या ओढ्यातलं, कुठल्या दिवशी किती लांबीचं पिल्लू इथे संपलं, हे वाळूच सांगते. सुरय राइस आयलंडवर फार सॅल्मन खातात हे कळल्यावर १९९९ पासून त्यांना समुद्राच्या अधिक जवळच्या ईस्ट सँड आयलंडवर वळवलं. तिथे खाऱ्या पाण्यातले इतर मासे मुबलक, त्यामुळे त्यांच्या खाण्यातलं सॅल्मनचं प्रमाण उतरलं.

पाणकावळ्यांच्या बाबतीत हे जमलं नाही. गोळ्या घालून त्यांची संख्या कमी करायला घेतली, तेव्हा वसाहत विस्कटली आणि बरेच पक्षी नदीत आणखी वर, अस्टोरियाच्या पुलावर घरटी करू लागले. तिथे समुद्री मासे कमी, म्हणून सॅल्मनच जास्त खाल्ले जातात. पुलावरून पडणारा टॅग थेट पाण्यात जातो, तेव्हा वाळू चाळण्याचीही सोय राहिली नाही. ज्यांनी पक्षी मारायचा निर्णय घेतला, त्यांनी पक्षी जातील कुठे याचा विचार आधी करायला हवा होता असं मला वाटतं.

या सगळ्याचं फळ एका गुणोत्तरात दिसतं: समुद्राकडे निघालेल्या शंभर पिल्लांपैकी किती मोठी होऊन परतली. या खोऱ्यासाठी ठरवलेलं उद्दिष्ट २ ते ६ टक्के आहे. स्नेकच्या जंगली चिनूकचं प्रमाण बहुतेक वर्षं २ च्याही खाली राहिलं आहे. का, यावर तज्ज्ञांत खरी भांडणं आहेत. धरणांच्या नळ्यांतून अनेकदा गेलेली पिल्लं पुढे कमी परततात, हे टॅगच्या नोंदींत दिसतं. एक गट म्हणतो, नळ्यांच्या मारामुळे ती खचतात आणि समुद्रात जाऊन मरतात. दुसरा म्हणतो, नळ्यांत मुळात लहान पिल्लंच जास्त शिरतात आणि लहान पिल्लं तशीही कमी तगतात. या वादात महत्त्वाचा पुरावा म्हणून पुढे येते ती टॅग घालताना खाचेच्या पट्टीवर वाचलेली लांबी.

यंदाच्या वसंतात सोडलेल्या पिल्लाचं उत्तर दोन-तीन वर्षांनी येतं. बॉनव्हिलच्या पायऱ्यांच्या पाटात तोच क्रमांक पुन्हा उमटतो, मग पुढच्या धरणांवर, मग ओढ्याच्या तळाशी बसवलेल्या अँटेनावर. त्यानंतर उन्हाळा सरताना माणसं ओढ्यातून पायी चालत मेलेले सॅल्मन शोधतात. कलेवरावरून वाचकयंत्र फिरवतात, लांबी लिहितात, मादीच्या पोटात अंडी शिल्लक आहेत का ते पाहतात. मग शेपूट कापून, म्हणजे तोच मासा दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये, ते कलेवर पुन्हा पाण्यात ठेवून देतात. त्याच्यावर किडे वाढतात, आणि पुढच्या वसंतात तळाच्या खडीतून वर येणारी पिल्लं तेच किडे खातात.