बीव्हर की ऑटर? जुन्या आरसी सीप्लेनची जात ओळखताना

सोलापुरातल्या अशोक चौकाजवळच्या एका टॉवेलच्या गोडाऊनमधून मी हे आरसी सीप्लेन, म्हणजे रिमोटवर चालणारं आणि पाण्यावर उतरणारं मॉडेल विमान, उचललं, तेव्हा त्याच्या फ्लोटवर (चाकांच्या जागी असलेल्या तरंगत्या पोकळ होड्यांवर) कबुतरांनी घाण केली होती आणि पंखांना टॉवेलच्या दशा चिकटल्या होत्या. मालकांचा मुलगा शिकायला पुण्याला गेला, तिकडूनच नोकरीला बेंगळुरूला, आणि विमान पोटमाळ्यावर राहिलं. खोकं नाही, माहितीपुस्तक नाही, स्टिकर अर्धे सोललेले. "सेसना आहे," मालक म्हणाले. आपल्याकडे वर पंख आणि पुढे एक इंजिन असलं की ते सेसनाच, जसं माती उकरणारं प्रत्येक यंत्र जेसीबी.

सेसना नाही हे सांगायला फार डोकं लागत नाही. सेसनाचं नाक चपटं असतं, पुढे हवा आत जायला पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दोन बाजूंना दोन भोकं. याचं नाक गोल डब्यासारखं, आत सिलिंडरची नकली चक्ती. पायपर कबही नाही, कारण कबच्या पंखाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन-दोन दांडे असतात आणि इथे प्रत्येक बाजूला एकच होता. उरली दोन नावं, बीव्हर आणि ऑटर. माझे एक नातेवाईक हवाई दलातून निवृत्त झालेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी दारातूनच निकाल दिला, "ऑटर आहे. आम्ही पाहिलंय." मला मात्र ते बीव्हर वाटत होतं.

तात्यांचं म्हणणं उगाच नव्हतं. भारतीय हवाई दलाने खरोखरच ऑटर वापरली, आणि ४१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं टोपणनावच 'ऑटर्स' आहे. बीव्हर मात्र आपल्याकडच्या माणसाच्या नजरेखालून सहसा गेलेलं नसतं. जे पाहिलंय तेच माणूस ओळखतो.

दोन्ही विमानं कॅनडातल्या डी हॅव्हिलंड कंपनीची. बीव्हर म्हणजे डीएचसी-२. ते पहिल्यांदा उडालं १६ ऑगस्ट १९४७ रोजी, आपल्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे तारीख माझ्या डोक्यात फुकटात बसली. ऑटर म्हणजे डीएचसी-३, ते उडालं १२ डिसेंबर १९५१ रोजी. ऑटर हे आपलं पाणमांजर. बीव्हर हा झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी, तो आपल्याकडे नाही. आराखडा चालू असताना ऑटरचं नाव 'किंग बीव्हर' होतं, म्हणजे गोंधळ जन्मापासूनचाच. एकाच घरातले धाकटा आणि थोरला. दोघांनाही गोल नऊ सिलिंडरचं प्रॅट अँड व्हिटनी इंजिन, फक्त धाकट्याचं ४५० अश्वशक्तीचं आणि थोरल्याचं ६०० चं. दोघांचेही पंख वर, मुळापासून टोकापर्यंत सारख्याच रुंदीचे. दोघंही चाकांवर, बर्फाच्या घसरपट्ट्यांवर किंवा फ्लोटवर उभे राहतात. १९५५ ते ५८ च्या अंटार्क्टिका मोहिमेत तर दोघंही होते: एडमंड हिलरींच्या न्यूझीलंडच्या तुकडीकडे बीव्हर, मोहिमेचे प्रमुख व्हिव्हियन फुक्स यांच्या ब्रिटिश तुकडीकडे ऑटर.

शेजारी शेजारी उभे केले तर लहान मूलही सांगेल मोठं कोणतं ते. पण मॉडेलमध्ये आकार खोटा असतो. दीड मीटर पंखांचं मॉडेल बीव्हरचंही निघू शकतं आणि ऑटरचंही. इथेच गाडी अडते.

मी आधी खिडक्या पाहतो. बीव्हर ही जीप आहे. पुढे वैमानिकाचं दार, त्यामागे सामानाचं रुंद दार, त्यामागे फार तर एखादी छोटी खिडकी, आणि संपलं. ते मागचं दार मुद्दाम इतकं रुंद ठेवलंय की तेलाचं बॅरल आत लोटता यावं. जंगलात विमान चालवणाऱ्यांना विचारूनच हे विमान आखलं होतं. ऑटर म्हणजे एसटी. पुढे वैमानिकाची जागा, आणि तिच्यामागे प्रवाशांच्या खिडक्यांची रांग. बीव्हरमध्ये वैमानिक सोडून सहा-सात माणसं कोंबून बसतात, ऑटरमध्ये दहाच्या आसपास. माझ्या मॉडेलवर खिडक्या म्हणजे निळसर प्लास्टिकचे तुकडे होते आणि डाव्या बाजूचा एक गळून तिथे कोणीतरी सेलोटेप लावला होता. तरी मोजल्या. रांग नव्हती, जीप होती.

तात्यांना पटलं नाही. "खिडक्या बनवणारा चुकला असेल." हेही खरंच. स्वस्त मॉडेलवर खिडक्या नुसत्या स्टिकरच्या असतात, आणि कारखाना एकच साचा दोन नावांनी विकतो.

मग टेप काढली. आमच्या गल्लीत गणवेश शिवणाऱ्याची टेप सहज मिळते, आणि कापडाची टेप गोलाईवर नीट बसते. गणित साधं आहे. मॉडेल कितीही लहान केलं तरी पंखांची लांबी आणि धडाची लांबी यांचं प्रमाण बदलत नाही. खऱ्या बीव्हरचा पंखविस्तार ४८ फूट आणि लांबी ३० फूट ३ इंच, म्हणजे पंखांना लांबीने भागलं की साधारण १.५९. खऱ्या ऑटरचा विस्तार ५८ फूट आणि लांबी ४१ फूट १० इंच, उत्तर १.३९. हा फरक डोळ्यांना दिसत नाही पण टेपला दिसतो. ऑटरचं धड पंखांच्या मानाने लांब, बीव्हरचं आखूड.

पहिल्यांदा माझे पंख आले १५२ सेंटिमीटर आणि लांबी १०४. भागाकार १.४६. ना बीव्हर, ना ऑटर, मधलंच काहीतरी. तात्या गालात हसले. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की टेपचं टोक मी नाकाला नाही, फ्लोटच्या टोकाला लावलं होतं. फ्लोट नाकाच्या पुढे आलेले असतात. गंमत अशी की खऱ्या बीव्हरचीही फ्लोट धरून लांबी ३२ फूट ९ इंच होते आणि भागाकार बरोबर १.४६ च्या घरात येतो. तेव्हा एक पथ्य पाळा: फ्लोट विसरा, पंख्याच्या मध्यापासून शेपटीच्या शेवटापर्यंत धडच मोजा. पुन्हा मोजलं, ९६ सेंटिमीटर. १.५८. ऑटर असतं तर १५२ च्या पंखांना धड ११० च्या जवळपास भरलं असतं. चौदा सेंटिमीटरची चूक टेपही करत नाही आणि कारखानाही. खऱ्याच्या पंखांना माझ्या पंखांनी भागलं की मोजमापही कळतं: हे मॉडेल खऱ्याच्या साधारण ९.६ पट लहान आहे.

हा भागाकार मात्र एका ठिकाणी सपशेल फसवतो. नाक गोल डब्यासारखं नसून लांब आणि निमुळतं असेल, तर ते टर्बाइन इंजिनाचं रूप आहे. कंपनीने टर्बो बीव्हर काढलं, ते १९६३ च्या डिसेंबरात उडालं आणि साठच बनली. त्याचं धड वाढवलेलं, लांबी ३५ फूट ३ इंच, पंख तेच. भागाकार? १.३६. म्हणजे ऑटरच्या अगदी शेजारी! शिवाय शेपटीचं उभं पातंही टर्बो बीव्हरवर मोठं आणि चौकोनी, त्यामुळे ज्याने फक्त जुनं बीव्हर पाहिलंय तो ते ऑटर म्हणून घेऊन जाईल. आणि जुन्या ऑटरवरही नंतर लोकांनी टर्बाइन बसवले, त्यांचंही नाक लांब. तेव्हा लांब नाक दिसलं की टेप गुंडाळून ठेवा आणि खिडक्यांकडे या. खिडक्या शेवटच्या साक्षीदार.

गोल नाकाच्या जोडीत मात्र शेपूट बोलकी आहे. बीव्हरचं उभं पातं गोलाईचं, अर्ध्या मोडलेल्या भाकरीसारखं. ऑटरचं उंच, वर निमुळतं होत गेलेलं. माझ्या मॉडेलच्या शेपटीची वरची कड उंदराने कुरतडलेली होती, म्हणून मी तिच्यावर फार भिस्त ठेवली नाही.

बाकीच्या खुणांवर लोक नको तितका विश्वास ठेवतात. पंख्याची पाती मोजतात: खऱ्या बीव्हरला सहसा दोन, ऑटरला तीन. पण मॉडेलवर पंखा म्हणजे चप्पल आहे. तुटला की जो मिळेल तो घातला. रंगाचंही तसंच. नोंदणीची अक्षरं थोडी उपयोगी पडतात. सी ने सुरुवात असेल तर कॅनडा, एन असेल तर अमेरिका, व्हीटी असेल तर भारत. सीएफ-एफएचबी ही अक्षरं पूर्ण वाचता आली तर प्रश्नच मिटला, ते पहिलं बीव्हर, आजही कॅनडातल्या सू सेंट मरीच्या संग्रहालयात आहे. पण स्टिकर कोणीही कशावरही चिकटवतो. सोलापुरात चादर घेताना आपण लेबल वाचत नाही. काठ बघतो, उलटी बाजू बघतो, वीण बोटांनी चाचपतो. इथेही जे सहज बदलता येतं ते सोडा आणि जे साच्यात ओतलं गेलंय ते बघा.

एवढा खटाटोप कशाला, असं मित्राने विचारलंच. "का बे, उडलं म्हणजे झालं की." उडतंय कुठे, आधी सुटे भाग लागतात. बीव्हर हे मॉडेलवाल्यांचं लाडकं विमान, त्यामुळे नाकाचा डबा, पंखाचे दांडे, फ्लोट कुठे ना कुठे मिळतात. ऑटरची मॉडेलं विरळा; ऑटरचा डबा फुटला तर स्वतःच घडवावा लागेल. खऱ्या जगातही १,६५७ बीव्हर बनली आणि ४६६ ऑटर. ऑटर म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर आधी टेप काढा.

आता फ्लोटबद्दल, कारण जुन्या सीप्लेनमध्ये खरी ठेच तिथेच लागते. पहिलं पाहायचं ते हे की फ्लोट मुळातले आहेत की कोणी नंतर लावलेत. मुळातले असतील तर धडात दांड्यांसाठी साच्यातलीच खोबणी असते. नंतरचे असतील तर गरम सळईने पाडलेली भोकं आणि गोंदाचे ओघळ. फ्लोटच्या तळाला मध्ये एक पायरी असते. वेग घेताना पाणी तिथून सुटतं आणि फ्लोट पाण्याला चिकटून राहत नाही. ती पायरी विमानाच्या गुरुत्वमध्याच्या (जिथे वजनाचा तोल साधतो त्या जागेच्या) किंचित मागे हवी. फार मागे असेल तर नाक वर उचलताना जीव जातो, पुढे असेल तर विमान पाण्यावर डोलत राहतं. शेपटीच्या पोटाखाली जास्तीचं छोटं पातं दिसलं तर फेकू नका. फ्लोटमुळे पुढच्या बाजूला वारा अडवणारं अंग वाढतं, ते सावरायला मागे पातं लागतं. खऱ्या फ्लोटवाल्या बीव्हरलाही ते असतं.

मग फ्लोट कानाशी धरून नारळासारखा हलवा. माझा उजवा खुळखुळला. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला (शेंगदाण्याची चटणी मोजायचा, नंतर त्याबद्दल बोलणी खाल्ली): डावा १८२ ग्रॅम, उजवा २२६. चव्वेचाळीस ग्रॅम पाणी, आणि तेही एकाच बाजूला. असं विमान पाण्यावर धावताना उजवीकडे ओढणार आणि उडाल्यावरही एका अंगावर कलणार. पायरीच्या मागे दीड मिलिमीटरचं भोक पाडलं, फ्लोट उभा टांगला. रात्रभर थेंब थेंब करत पिवळसर, कुजकट वासाचं पाणी वाटीत साठलं. आठवडाभर उन्हात ठेवला, एप्रिलचं सोलापूर असल्यामुळे तीन दिवसही पुरले असते. मग भोक इपॉक्सीने बंद.

पाण्यातल्या विमानाची वीजही तपासा. मोटर बोटाने फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग गंजलंय, बदलायला फार पैसे पडत नाहीत. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या तारांच्या टोकाला हिरवट बुरशीसारखी पूड असेल तर तो सरळ बाजूला ठेवा. रिमोटचे संदेश पकडणारा रिसीव्हर जुनाच वापरायचा मोह होतो, पण पाणी पिऊन वाळलेला रिसीव्हर नेमका हवेत असताना रुसतो. बॅटरी फुगलेली असेल तर ती भेट म्हणूनही घेऊ नका.

उडवायचं कुठे, हा सोलापुरात वेगळाच प्रश्न. संभाजी तलाव मनात येतो, पण होटगी रस्त्यावरचा विमानतळ जवळ आहे आणि तिथून आता प्रवासी विमानं ये-जा करतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली हौशी मॉडेलंही येतात, तेव्हा निघण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर (कुठे उडवायला परवानगी आहे ते रंगांनी दाखवणाऱ्या) त्या जागेचा रंग बघून घ्या. हिप्परगा तलावाचं पाणी मोठं आहे, पण हिवाळ्यात तिथे पट्टकादंब हे पाहुणे पक्षी उतरतात, त्यांच्यात घरघरणारा पंखा नेऊन सोडणं मला बरं वाटत नाही. मी उजनी धरणाच्या काठावरची एक मोकळी जागा बघून ठेवलीय, पाणी कमी झालं की तिथे सपाट चिखल उघडा पडतो आणि विमान उलटलं तरी गुडघाभर पाण्यातून आणता येतं.

तात्यांना मी भागाकार कागदावर करून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा तपासला, टेप स्वतः धरून शेपटीपर्यंतचं धड पुन्हा मोजलं, साडेपंच्याण्णव आलं. कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "आमचं ऑटर याच्यापेक्षा लांब होतं, हे मला आत्ता आठवलं."