स्लोव्हाक कवितेत शहर काँक्रीटबरोबर आलं?

स्लोव्हाक कविता म्हणजे टाट्राचे डोंगर नि मेंढपाळ. शहर तिच्यात शिरलं ते १९७० नंतर, सिमेंटच्या वसाहतींबरोबर, असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. लात्सो नोवोमेस्की यांचा ‘नेद्येल्या’ (म्हणजे रविवार) हा पहिला संग्रह १९२७ चा, आणि त्यात शहरातली गरिबी आहे. कवीचा जन्मच मुळी बुडापेस्टचा, १९०४ चा. मेंढ्या येणार कुठून!

गोंधळ होतो तो स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा, तिथल्या पेत्रझाल्का या भागामुळे. डॅन्यूबच्या उजव्या काठावर १९७३ पासून तिथे ‘पानेलाक’, म्हणजे तयार काँक्रीट भिंती जोडून केलेल्या इमारती, उभे राहिले. कारखान्यात ओतलेली अख्खी भिंत, खिडकीच्या जागेसकट, क्रेनने उचलायची आणि शेजारच्या भिंतीला जोडायची. लाखभर माणसं राहतील अशी वस्ती! सगळे जिने सारखे, दारं सारखी. कवींना आयता विषय मिळाला, हे खरंच. पण वसाहतीची कविता हा शहरी कवितेतला पुढचा मुक्काम, सुरुवात नव्हे.

आणि हो, १९५८ मध्ये पुढे आलेल्या त्रनावा गटाच्या कवींना ‘कॉन्क्रेटिस्ट’ म्हणतात, त्याचाही सिमेंटशी संबंध नाही. स्लोव्हाकमध्ये काँक्रीटला ‘बेटोन’ म्हणतात. या कवींना हवी होती डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी प्रतिमा.