सही तंतोतंत जुळली म्हणजे अस्सल?

जुन्या सह्या जमवणाऱ्यांत एक समज पक्का रुजलाय: हातातली सही पुस्तकात छापलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळली की ती खरी. प्रत्यक्षात उलटं आहे. कुणाच्याही दोन सह्या रेघेला रेघ सारख्या येत नाहीत. एकीवर एक ठेवून त्या पूर्ण जुळल्या, तर गिरवलेली, शिक्क्याची किंवा यंत्राची सही असावी, अशी शंका आधी घ्यावी. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या कार्यालयात सहीचं यंत्र सर्रास वापरलं जाई.

गांधीजींचंच बघा. १९०९ मध्ये जहाजावर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकला की ते डाव्यानं लिहीत. सह्याही गुजराती, देवनागरी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या. यातली नमुना म्हणून कुठली धरणार?

भिंगातून बघायचा तो हाताचा वेग. सराईत सहीची टोकं निमुळती होतात. गिरवणाऱ्याची रेघ संथ, थरथरती, मध्येच थांबलेली दिसते. (थरथर म्हातारपणीही येते, म्हणून काळही तपासावा.) कागद जुना असणं हा तर फारच लंगडा पुरावा, जुन्या वह्यांची कोरी पानं रद्दीत मिळतात. आणि १९३० च्या तारखेखाली बॉलपेनची सही असेल, तर भिंगसुद्धा काढू नका; बॉलपेन तेव्हा बाजारात आलंच नव्हतं.