जुना टॅबलेट चालू होतो, मग साइट का उघडत नाही?

कपाटात पडून असलेला जुना टॅबलेट काढला, चार्ज केला, वायफायला जोडला, स्क्रीन-आवाज सगळं एकदम ओके, आणि ब्राउझरमध्ये एक साइट उघडेल तर शपथ. मग काय, "गेला हा, टाका भंगारात". पण बऱ्याचदा आत काही बिघडलेलंच नसतं, बाहेरचं स्टँडर्ड पुढे गेलेलं असतं, आणि नक्की कुठलं ते कळलं की अर्धं काम झालं.

आधी जोडणीच्या पिना, त्यांचं सोपं आहे. यूएसबीचा आकार बदलला तरी जुना पेनड्राइव्ह टाइप सी पोर्टला साध्या अडॅप्टरने चालतो, कारण आतली भाषा तीच. जुन्या मॉनिटर-प्रोजेक्टरच्या व्हीजीए जोडणीचं तसं नाही. ते 1987 चं, सिग्नल ॲनालॉग, आणि आजच्या टीव्हीचं एचडीएमआय डिजिटल, त्यामुळे नुसत्या पिना जुळवणारी स्वस्त केबल आणली तर स्क्रीन काळी ती काळीच. चिपवाला कन्व्हर्टर लागतो, तोही दिशा बघून घ्यायचा, उलटा चालत नाही.

आता साइट का उघडत नाहीत ते. साइट आणि तुमचं मशीन टीएलएस नावाच्या पद्धतीने गुपचूप बोलतात. त्याचं 1.0 व्हर्जन 1999 चं, 1.1 हे 2006 चं, दोन्ही मार्च 2021 मध्ये अधिकृतपणे रिटायर झाली, म्हणजे ज्याला तेवढंच येतं त्याला बहुतेक सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. दुसरी भानगड सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची. साइट जे सर्टिफिकेट दाखवते ते खरं की खोटं हे मशीन स्वतःकडच्या रूट (म्हणजे मूळ भरवशाच्या) सर्टिफिकेटच्या यादीवरून ठरवतं, ही यादी सहसा अपडेटबरोबर येते, अपडेट बंद की यादी शिळी. लेट्स एन्क्रिप्ट ही साइटना फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था ज्याच्या आधारावर चालायची ते एक जुनं रूट 30 सप्टेंबर 2021 ला एक्स्पायर झालं आणि चांगले धडधाकट जुने मॅक आणि आयफोन अडकले. यावर मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे फायरफॉक्स ब्राउझर, कारण तो स्वतःची यादी आणि स्वतःचं टीएलएस बरोबर घेऊन येतो (आयफोन-आयपॅडवर नाही, तिथे सिस्टिमचंच वापरावं लागतं). तुमच्या मशीनवर चालणारं त्याचं शेवटचं व्हर्जन टाकून बघा.

त्याच्याही आधी तारीख बघा! जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर बहुतेक वेळा सीआर 2032 नावाचा 3 व्होल्टचा बटन सेल असतो, तो संपला की बंद करून चालू केल्यावर घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं, आणि मग आजचं सर्टिफिकेट त्याला "अजून सुरूच झालेलं नाही" असं वाटतं. सेल बदलला, तारीख लावली, झालं.

मोबाइल नेटवर्कपुढे मात्र इलाज नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं, आणि ज्या फोनच्या रेडिओत फोरजी नाही त्यात ते सॉफ्टवेअरने घालता येत नाही. वायफाय त्या मानाने फार दयाळू, 2.4 गिगाहर्ट्झवर बरेच नवे राउटरही जुन्या मशीनशी बोलतात. फक्त एखाद्या मशीनला डब्ल्यूईपी ही वायफायची जुनी, सहज फुटणारी सुरक्षाच कळत असेल तर त्याच्यासाठी घरचं अख्खं नेटवर्क कमकुवत करू नका, ते मशीन ऑफलाइनच वापरा. गाणी, पुस्तकं, फोटोफ्रेम यांना इंटरनेट लागतंच कुठे. आणि बँकेचं काम अपडेट बंद झालेल्या मशीनवर नकोच.

पुढची अडचण आत्ताच माहीत आहे. 32 बिटमध्ये सेकंद मोजणाऱ्या जुन्या सिस्टिमचा आकडा 19 जानेवारी 2038 ला भरतो आणि तारीख थेट 1901 मध्ये जाऊ शकते. ऑफलाइन वस्तूला तेव्हा तारीख मागची लावून ठेवली की बहुतेक वेळा भागेल.