‘कुठवर?’ : संकटात ईश्वरी न्यायावर विसंबण्यामागचा इतिहास

संकटात सापडलेला ख्रिस्ती माणूस ‘देव न्याय करील’ असं म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ते बहुधा हात टेकल्यासारखं वाटतं. सोसायचं आणि गप्प बसायचं, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. पण या वाक्याची मुळं तक्रारीत आहेत. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. देव विसरला, त्याने तोंड लपवलं, मनाला घोर लागला, शत्रू डोक्यावर बसला. आणि हे सगळं गाऱ्हाणं थेट देवाकडेच. ज्याच्या न्यायावर भरवसा नाही, त्याच्या दारात कोणी गाऱ्हाणं घेऊन जात नाही.

बायबलमधला हबक्कूक संदेष्टा तर देवाशी हुज्जत घालतो. देशात अन्याय माजलाय, तू बघत का बसलास, असं तो विचारतो. उत्तर मिळतं, की बाबेलची (बॅबिलोनची) फौज येतेय. म्हणजे दुष्टाला शिक्षा द्यायला त्याहून दुष्ट! हे काही त्याला पटत नाही. तो पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो, देव आता काय म्हणतो ते ऐकायला. तिथे त्याला मिळालेलं वचन, नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल, पुढे येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीलाच घेतलं. बाबेलची फौज खरोखरच आली. इ.स.पू. ५८७-८६च्या सुमारास यरुशलेम (जेरुसलेम) पडलं, मंदिर जळालं.

सर्वस्व गमावलेल्या सज्जन ईयोबाची बायबलमधली गोष्ट सगळ्यांना ‘सहनशील ईयोब’ म्हणून माहीत असते. ते पुस्तक पूर्ण वाचणाऱ्याला हे विशेषण जरा विचित्र वाटेल. सुरुवातीचे दोन अध्याय सोडले, तर राखेत बसून खापरीने अंग खाजवणारा हा माणूस देवावर जवळजवळ फिर्याद दाखल करतो. मित्र येतात, सात दिवस मुकाट बसतात (त्यांनी केलेली एवढीच चांगली गोष्ट) आणि मग तोंड उघडतात ते ‘तुझंच काही चुकलं असेल’ हे सांगायला. बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब जसं खरं बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो.

तरीही, चांगल्याचं फळ याच आयुष्यात मिळतं ही समजूत टिकून होती. तिला मोठा तडा गेला तो इ.स.पू. १६७च्या सुमारास. यहुद्यांवर राज्य करणाऱ्या अंतियोख चौथा या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि नियमशास्त्र पाळणारेच पाळल्याबद्दल मारले जाऊ लागले. हिशेब मृत्यूपलीकडे पुरा होईल, मेलेले उठतील, ही आशा दानीएलाच्या पुस्तकात आणि मक्काबी या यहुदी बंडखोरांच्या कथांत ठळक झाली. येशूच्या शिकवणीला ही पार्श्वभूमी आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती काय इतरांपेक्षा पापी होती, असं त्याने विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हटलं. न्याय मिळेपर्यंत न्यायाधीशाला भंडावून सोडणाऱ्या विधवेचा दृष्टांत त्याने दिला. वधस्तंभावर त्याच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ख्रिस्ती श्रद्धेचं वेगळेपण मला इथे दिसतं. ज्याने न्याय करायचा, तोच अन्यायी निकालाखाली मरतो.

सूड आपण घ्यायचा नाही, तो देवावर सोपवायचा, असं पौल लिहितो. हे किती अवघड होतं, ते इ.स. २५०च्या एका कागदावरून कळतं. डेसियस या रोमन सम्राटाने प्रत्येकाला देवतांपुढे यज्ञ करायला लावला आणि तसा दाखला घ्यायला लावला. ईजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत: मी नेहमीच यज्ञ करत आलो, आत्ता तुमच्या समोर केला, नैवेद्य चाखला, खाली अधिकाऱ्यांची सही. हा कागद न घेणारे तुरुंगात गेले, काही मेले. अशा छळाच्या पहिल्या लाटांतल्या हुतात्म्यांचे आत्मे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात, वेदीखालून तोच जुना प्रश्न विचारतात, ‘कुठवर?’ त्यांना शुभ्र झगा मिळतो आणि अजून थोडं थांबा असं सांगितलं जातं. छळ संपल्यावर लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने छळणारे सम्राट कसे हालहाल होऊन मेले याचं चवीने वर्णन केलं. त्यात न्यायापेक्षा समाधान जास्त दिसतं.

४१०मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा ऑगस्टीन या बिशप आणि विचारवंताने असल्या सरळ हिशेबाला नकार दिला. एकाच आगीत सोनं चमकतं आणि भुसा धुमसतो, असं तो म्हणाला. संकट सगळ्यांवर सारखंच येतं. फरक माणसांत असतो.

पुढच्या काळात सोसून सगळं देवावर सोपवण्याची हीच शिकवण गुलामांच्या धन्यांनी वापरली. १८०७मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची काटछाट केलेली आवृत्ती छापली गेली. धन्याची आज्ञा पाळा हे वचन तिच्यात ठेवलं आणि इस्राएल लोकांच्या मिसरातून सुटकेची कथा गाळली. कात्री कुठे चालवायची, ते कापणाऱ्यांना नेमकं कळलं होतं. अमेरिकेतल्या गुलामांनी मात्र इस्राएलांना सोडवणारा मोशे आणि त्यांना गुलाम ठेवणारा मिसरचा राजा फारो यांचीच गाणी केली.

१९८०पासून पेरूच्या आयाकुचो भागात बंडखोर आणि लष्कर यांच्यामध्ये गावं भरडली जात होती. सत्यशोधन आयोगाने पुढे देशभरातल्या मृतांचा अंदाज सुमारे ६९ हजार दिला. बहुतेक गरीब, केचुआ बोलणारे. पेरूचेच धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी १९८६मध्ये ईयोबावर पुस्तक लिहिलं. केचुआ या तिथल्या मूळ भाषेत आयाकुचो म्हणजे मेलेल्यांचा कोपरा. या कोपऱ्यातून देवाविषयी बोलायचं कसं, हा प्रश्न त्यांनी पुस्तकाच्या शेवटी मांडला आहे.