तीर्थन खोऱ्यातील ट्राउट मासेमारी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नोंदणी करण्यापूर्वी हे पत्रक सावकाश वाचावे, ही विनंती. खाडीच्या काठी गरवण्याची सवय असलेल्यांना ही मासेमारी सुरुवातीला अवघड वाटते, कारण येथे गळ टाकून वाट पाहत बसायचे नसते. पाण्याचा अंदाज घेत, एकेक धोंडा हेरत नदीच्या वरच्या अंगाला सरकत राहायचे असते.

तीर्थन ही हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यातील नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून उतरते, गुशैणी आणि बंजारवरून वाहते आणि लारजीपाशी बियासला मिळते. येथील तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातला. कुल्लू खोऱ्यात त्याची पैदास १९०९ मध्ये ब्रिटिश अमदानीत सुरू झाली. त्याला थंड आणि खळाळते पाणी लागते, त्यामुळे आपल्याकडच्या नद्यांत तो मिळण्याची आशा करू नये.

१ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण थंडीत मादी तळाच्या वाळूगोट्यांत खळगा करून अंडी घालते. उरलेल्या महिन्यांतही बर्फ वितळू लागले की पाणी दुधाळ होते आणि पावसाळ्यात ते गढूळ होऊन चढते. म्हणून आम्ही मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतच सहली नेतो. जूनच्या सुट्टीत नेण्याचा आग्रह कृपया करू नये.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, बहुधा मोठ्या धोंड्याच्या आडोशाला संथ पाण्यात उभा असतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारे किडे टिपतो. त्यामुळे त्याच्या मागून, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाने जावे आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. आमिष धोंड्याच्या वरच्या बाजूला, जरा तिरके टाकावे आणि ते धारेबरोबर आपोआप खाली येऊ द्यावे. आडोशाच्या कडेला येताच दोरी क्षणभर थबकते, तेव्हा दांडी हलकेच वर उचलावी. नवखे येथे हिसका देतात आणि मासा जातो. लागलेला मासा मुख्य धारेकडे धाव घेतो. अशा वेळी रीळ घट्ट न धरता दोरी सुटू द्यावी व त्याचा जोर ओसरला की गुंडाळावी. नवख्यांना आम्ही चमच्यासारखे चकाकणारे धातूचे आमिष देतो. पिसांची कृत्रिम माशी वापरणे अधिक देखणे खरे, पण ते दोन दिवसांत हाताला बसत नाही.

आमच्या सहलीत पकडलेला मासा पुन्हा सोडला जातो, त्यासाठी गळ बिनकाट्याचे, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेले असतात. मासा धरण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडू शकतो. कल्ल्यांत बोट घालू नये. प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यातच आधार द्यावा, दम आला की तो स्वतःच निघून जातो. जेवणात ट्राउट मिळेल, पण तो तळ्यांत वाढवलेला इंद्रधनुषी ट्राउट असतो, आणि चवीला तो मुळीच कमी नाही.

शेवाळलेल्या गोट्यांवर पाय घसरतो, म्हणून बुटांचा तळ नमद्याचा (दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारख्या जाड थराचा) असावा (बूट आम्ही पुरवतो) आणि गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरू नये. लारजी धरणाखालच्या बियासमध्ये आम्ही कोणालाही उतरू देत नाही. तेथे पाणी अचानक वाढते. जून २०१४ मध्ये हैदराबादचे महाविद्यालयीन विद्यार्थी त्याच पट्ट्यात वाहून गेले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतही आम्ही मासेमारी करत नाही.

मत्स्य विभागाचा दैनंदिन परवाना आम्ही काढतो व त्याचे शुल्क सहलीच्या दरात धरलेले आहे. परवाना ज्याच्या नावावर असेल त्यानेच गळ टाकावा. त्यासाठी छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत नोंदणीबरोबरच पाठवावी आणि मूळ ओळखपत्र प्रवासात जवळ ठेवावे. मासा लागेलच अशी हमी आम्ही देत नाही, आणि तो न लागल्यास शुल्क परत मिळत नाही.