साखर दिली की कारखाना बंद

‘यीस्टला साखर भरपूर दिली तर प्रथिनही भरपूर मिळत असेल ना?’ जैवतंत्रज्ञानावर कुठेही बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न हमखास येतो. आडात असेल तर पोहऱ्यात येणार, या न्यायाने तो अगदी रास्त आहे. पण यीस्टचा न्याय वेगळा. साखर पाहिली की हे पठ्ठे कित्येकदा आपलं काम बाजूला टाकून देतात.

थोडी उजळणी करू. हव्या त्या प्रथिनाचं जनुक यीस्टच्या डीएनएत बसवलं की यीस्ट ते प्रथिन आपल्यासाठी बनवतं. याला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. १९८६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली हिपॅटायटिस बीची लस अशीच, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये तयार झाली. बसवलेल्या जनुकाच्या पुढे प्रोमोटर नावाचा डीएनएचा तुकडा लागतो. ते त्या जनुकाचं बटण. आणि हे बटण बऱ्याचदा आपण पेशीला कार्बन कशातून देतो, त्यावर चालू-बंद होतं.

पावाच्या यीस्टमधलं नेहमीचं बटण गॅलॅक्टोज या साखरेवर चालू होतं. पण सोबत ग्लुकोज असेल तर गॅलॅक्टोजकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ग्लुकोज संपेपर्यंत बटण बंदच. शिवाय ग्लुकोज जास्त झालं की ऑक्सिजन भरपूर असूनही हे यीस्ट अल्कोहोल करत बसतं आणि पेशी बनवण्यात जायचा कार्बन तिकडे जातो. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. हर्बर्ट क्रॅबट्री यांनी १९२९ मध्ये ग्लुकोजमुळे श्वसन मंदावतं हे पाहिलं होतं, ते मात्र ट्यूमरच्या पेशींत.

माझा खरा जीव आहे तो पिकिया पास्टोरिस या यीस्टवर. हे चक्क मिथेनॉल, म्हणजे एक विषारी अल्कोहोल, खातं. १९७० च्या दशकात फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने त्यापासून जनावरांचं खाद्य बनवायला घेतलं होतं. तेल महागलं, मिथेनॉल महागलं, आणि तो बेत बारगळला. यीस्ट मात्र प्रयोगशाळांच्या हाती लागलं.

मिथेनॉल खाण्याची पहिली पायरी अल्कोहोल ऑक्सिडेझ हे एन्झाइम पार पाडतं. त्यात फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात, दोन्ही पेशीला घातक. म्हणून हा सगळा उद्योग पेरॉक्सिझोम नावाच्या बंद कोठडीत चालतो. पुढे फॉर्माल्डिहाइडचा एक कार्बन पाच कार्बनांच्या एका साखरेला जोडला जातो आणि त्या सहांचे तीन-तीन कार्बनांचे दोन रेणू होतात. अशा दर सहा रेणूंपैकी पाचांतून बरीच उलाढाल होऊन पाच कार्बनांची साखर परत उभी राहते, उरलेल्या एकातून पेशी घडते. उरलेलं फॉर्माल्डिहाइड जळून ऊर्जा मिळते. आता गंमत अशी, की या ऑक्सिडेझची ऑक्सिजनवरची पकड अगदीच ढिली आहे. एन्झाइम ढिलं, तर पेशी ते ढिगाने बनवते. मिथेनॉलवर वाढताना पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळपास ३० टक्क्यांपर्यंत हे एकटंच असू शकतं! एवढा ढीग लावणारं बटण किती जोरदार असेल? तेच आपण उचलतो आणि आपल्या जनुकापुढे लावतो. ग्लुकोज किंवा भरपूर ग्लिसरॉल (आपलं ग्लिसरीन) असताना ते बंद, मिथेनॉलवर चालू.

‘मिथेनॉल म्हणजे विष, ते औषधात आलंच असणार’ असे संदेश फिरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तिथे मिथेनॉल हे यीस्टचं खाद्य असतं. प्रथिन नंतर गाळून, वेगळं काढून, तपासून घेतलं जातं. उलट्या बाजूला, यीस्टमधून प्रथिन काढणं म्हणजे टाकीत काहीतरी ओतून नळ सोडणं असं सांगणारे उत्साही लोकही आहेत. त्यांनी एक रात्र फर्मेंटरपाशी, म्हणजे यीस्ट वाढवायच्या टाकीपाशी, काढावी.

तिथे आधी ग्लिसरॉलवर पेशी वाढवतात, कारण त्यावर त्या झपाट्याने वाढतात. पडद्यावर विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा हळूहळू उतरत जातो आणि एका क्षणी टुणकन वर उडी मारतो. ग्लिसरॉल संपलं, खायला नाही, म्हणून श्वासही मंदावला. मग मिथेनॉल थेंबाथेंबाने सुरू करायचं. नव्या एन्झाइमची जुळवाजुळव करायला पेशींना काही तास लागतात. ते जमलं की त्या इतका ऑक्सिजन ओढतात आणि इतकी उष्णता सोडतात की थंड पाण्याची दमछाक होते. काही जण म्हणून मुख्य ऑक्सिडेझचं जनुकच काढून टाकलेला वाण वापरतात. तो दुसऱ्या, मंद जनुकावर रेटत राहतो आणि मिथेनॉल कमी खातो.

विद्यार्थी असताना पहाटे मी ऑक्सिजनचा आकडा चढताना पाहिला. पेशी उपाशी आहेत असं समजून मिथेनॉलचा पंप वाढवला. आकडा आणखी चढला, मी पंप आणखी वाढवला. उपाशी पेशी कमी श्वास घेते, तशी मिथेनॉल साचून विषबाधा झालेलीही कमीच घेते, हे डोक्यात आलंच नाही. खरं तर पंप मिनिटभर बंद करून पाहायला हवं होतं. आकडा लगेच उसळला तर पेशी मिथेनॉल येईल तसं फस्त करत आहेत. ढिम्म राहिला तर मिथेनॉल साचलंय. सकाळी सरांनी नुसता पंपाचा आकडा पाहिला आणि फर्मेंटर उतरवायला सांगितला.